मृगया, मत्स्यविनोद आणि जायबंदी सैनिक

युद्धात जायबंदी होऊन परतलेल्या सैनिकाचे समाजाकडे जे येणे असते त्याचा जमाखर्च बहुतेक राष्ट्रांनी निवृत्तिवेतन, कृत्रिम अवयव आणि सन्मान अशा तीन खात्यांत मांडलेला दिसतो; परंतु अमेरिकेत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या तिन्हींच्या जोडीला एक चौथे खाते उघडले गेले असून, ते शिकारीच्या आणि मासेमारीच्या धर्मादाय सहलींचे आहे, हे प्रथम ऐकणाऱ्या मराठी माणसाला काहीसे चमत्कारिक वाटल्यावाचून राहत नाही. ज्याने बंदुकीमुळे पाय गमावला त्याच्याच हाती दया म्हणून पुन्हा बंदूक द्यावी, आणि ज्याला रात्री झोप येत नाही त्याला पहाटे तीन वाजता उठवून रानात नेऊन बसवावे, यात परोपकार तो कोणता, असा प्रश्न माळशिरसच्या एखाद्या पारावर विचारला गेला तर विचारणाऱ्याला अडाणी म्हणता येणार नाही. तथापि या उपक्रमाच्या मुळाशी जे आहे ते केवळ परदेशी खूळ म्हणून झटकून टाकण्यासारखेही नाही, आणि आपल्याकडील जायबंदी सैनिकाची स्थिती ध्यानात घेता त्यातील कोणता भाग घेण्याजोगा आहे, कोणता कायद्याने व विवेकाने वर्ज्य आहे, आणि जो घेण्याजोगा आहे तो सोलापूर जिल्ह्याच्या या पश्चिम टोकाच्या तालुक्यात रुजेल काय, हे शांतपणे पाहण्यासारखे आहे.

अमेरिकेतील हकीकत थोडक्यात अशी. इराक आणि अफगाणिस्तान येथून हातपाय गमावलेले तरुण वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात येऊ लागले तेव्हा, २००५ साली, नौदलातील निवृत्त कॅप्टन एड निकोल्सन यांनी त्यांना रुग्णालयाच्या हिरवळीवरच गळ फेकण्याचे शिक्षण देण्यास आरंभ केला आणि त्यातून ‘प्रोजेक्ट हीलिंग वॉटर्स’ ही संस्था उभी राहिली. पिसे आणि दोरा यांची कृत्रिम माशी करून ती वाहत्या पाण्यावर अलगद उतरविण्याची ही मासेमारी असल्यामुळे तीत बोटांना सूक्ष्म व्यायाम घडतो, खांद्याला लय सापडते, आणि मुख्य म्हणजे ध्यान पाण्याच्या एका ठिकाणी इतके खिळून राहते की मागच्या आठवणींना आत शिरण्यास वाट उरत नाही. पुढे २००७ साली टेक्सासमध्ये ‘हीरोज ऑन द वॉटर’ ही संस्था निघाली, ती माजी सैनिकांना लहान होड्यांतून मासेमारीस नेते. शिकारीच्या सहली काढणाऱ्या संस्था तर अनेक आहेत. जमीनमालक आपली राने दोन-चार दिवसांसाठी मोकळी करून देतात, चाकाची खुर्ची वर नेता येईल अशी मचाणे बांधतात, आणि हात नसलेल्याला बंदूक रोखता यावी म्हणून टेकू व उपकरणे तयार करतात.

हे सारे तेथे सहज घडते याला कारण आहे. त्या देशात हरिण मारणे हा राजेरजवाड्यांचा नव्हे तर सामान्य कुटुंबाचा हेमंतातील परिपाठ असून, १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका व दारूगोळा यांवरील कराचे उत्पन्न वन्यप्राण्यांच्या संवर्धनाकडेच वळविलेले असल्यामुळे, शिकारी आणि रक्षक हे तेथे परस्परांचे वैरी मानले जात नाहीत. बापाबरोबर प्रथम रानात गेलेला मुलगा पुढे सैन्यात जातो, जखमी होतो, आणि या सहलीच्या निमित्ताने जेव्हा पुन्हा रानात जातो तेव्हा त्याला काही नवीन शिकविले जात नसून त्याचे जुने आयुष्य त्याला परत मिळत असते. सहलीचा गुण असेल तर तो या परतण्यात आहे. हरणात तो नाही, आणि बंदुकीत तर नाहीच नाही.

गुण किती, याविषयी मात्र उत्साही मंडळींच्या बोलण्यावर सर्वस्वी विसंबून चालणार नाही. मासेमारीच्या दोन-तीन दिवसांच्या शिबिरानंतर सैनिकांची बेचैनी, उदासीनता आणि निद्रानाश कमी झाल्याचे जे अभ्यास प्रसिद्ध झाले आहेत ते बहुधा लहान संख्येवर आधारलेले, सैनिकांच्या स्वतःच्याच निवेदनावर विसंबलेले, आणि न गेलेल्यांशी तुलना न करता लिहिलेले असे आहेत. शिवाय जो मुळात घराबाहेर पडण्यास तयार होतो तोच सहलीला येतो, आणि जो खोलीचे दार लावून बसतो त्याची नोंद कोणत्याच कागदावर होत नाही. दुसरी गोष्ट पैशाची. २००३ साली स्थापन झालेली आणि जखमी सैनिकांच्या नावाने अमाप निधी जमविणारी ‘वूंडेड वॉरियर प्रोजेक्ट’ ही संस्था परिषदा, प्रवास आणि मेजवान्या यांवर करीत असलेल्या उधळपट्टीची वृत्ते २०१६ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाली, आणि मार्च महिन्यात तिच्या दोघा वरिष्ठ अधिकाऱ्यांना घरचा रस्ता दाखविण्यात आला. करुणेच्या बाजारात सैनिकाचे छायाचित्र हे सर्वांत चलनी नाणे असते, आणि दाता जितका दूरचा तितका हिशेब तपासण्याचा त्याचा उत्साह कमी, हा अनुभव आपल्याकडेही नवा म्हणता येणार नाही.

युद्धानंतर मनुष्याने पाण्याकाठी जाऊन बसावे ही कल्पना मात्र या संस्थांहून जुनी आहे. आयझॅक वॉल्टनचा मासेमारीवरील सुप्रसिद्ध इंग्रजी ग्रंथ १६५३ सालचा, म्हणजे इंग्लंडातील यादवी युद्धाची राख पुरती निवलेली नसतानाचा; आणि हेमिंग्वेने १९२५ साली प्रसिद्ध केलेल्या एका कथेत महायुद्धातून परतलेला तरुण एकटाच नदीवर ट्राउट मासे धरीत राहतो, आणि युद्धाचा उच्चार संपूर्ण कथेत एकदाही होत नाही. आपल्या परंपरेत या दोन्ही विनोदांची चर्चा त्याहूनही पूर्वीची आहे. मनूने मृगयेला राजाच्या कामज व्यसनांत घातले. उलट कौटिल्याने द्यूताशी तुलना करताना मृगयेची बाजू घेतली, आणि तीमुळे व्यायाम घडतो, कफ, पित्त, मेद व स्वेद यांचा नाश होतो, स्थिर व चल लक्ष्याचा अभ्यास होतो, आणि क्रोध व भय यांच्या वेळी प्राण्यांचे चित्त कसे चालते याचे ज्ञान होते, असे एखाद्या वैद्यकीय अहवालात शोभेल असे तिचे समर्थन केले. आणि ज्या कल्याणीच्या चालुक्यांच्या सत्तेखाली आजचा सोलापूर जिल्हा होता त्यांच्यापैकी तिसऱ्या सोमेश्वराच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात तर मत्स्यविनोद हा स्वतंत्र विषय असून, माशांच्या जाती, त्यांना घालावयाचे खाद्य, गळ, दोरी आणि काठी यांचे वर्णन तेथे इतक्या बारकाईने येते की लिहिणारा पाण्याकाठी बसलेला होता याविषयी शंका राहत नाही. मासेमारीचा छंद साहेबाने आणला अशी जी आपली सर्वसाधारण समजूत आहे तिला हा शेजारच्या राजाचा ग्रंथ पुरेसे उत्तर आहे.

आता कायद्याकडे वळू. १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यानंतरच्या दुरुस्त्यांनी या देशात शिकार हा विरंगुळा म्हणून संपुष्टात आणला, आणि तो योग्य रीतीने आणला असे म्हटले पाहिजे. सोलापूरच्या माळरानांचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. माळढोकासाठी १९७९ साली सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांत मिळून सुमारे ८,५०० चौरस किलोमीटरचे विशाल अभयारण्य जाहीर झाले, आणि तरीही आज नान्नजच्या माळावर तो पक्षी नजरेस पडणे हा अपवाद झाला आहे. ज्या भूमीवर एवढे संरक्षण देऊनही एक पक्षी टिकविता आला नाही तेथे सैनिकांच्या करमणुकीसाठी बंदुकीचे परवाने देण्याची भाषा कोणी करू नये. शिकारीच्या बंदीचा खरा भार कोणी सोसला असेल तर तो फासे लावून ससे-तितर धरणाऱ्या फासेपारध्यांनी. इंग्रजी अमदानीत त्यांना आधीच गुन्हेगार ठरविण्यात आले होते, आणि पुढे त्यांचा फासाही बेकायदा झाला. त्यांच्या पोटाची शिकार बंद करून दुसऱ्या कोणाच्या मनोरंजनाची शिकार चालू करणे हा न्याय होणार नाही.

यावर एक युक्तिवाद अधूनमधून ऐकू येतो. पिकांची नासाडी करणारी रानडुकरे आणि रोही मारण्यास वनखाते विशिष्ट परिस्थितीत परवानगी देते, उसाच्या फडात डुकरांचा उपद्रव तर सर्वश्रुत आहे, मग हे काम नेमबाज माजी सैनिकांकडे सोपवून दोन्ही हेतू का साधू नयेत, असा तो आहे. दिसायला चतुर, परंतु विचारांती पोकळ. पीकसंरक्षण ही शासनाची एक अप्रिय जबाबदारी आहे, तिला विरंगुळ्याचे नाव दिल्याने ती विरंगुळा होत नाही. आणि दिवाळीच्या फटाक्याने ज्याच्या छातीत धडकी भरते अशा मनुष्याला गोळी घालण्याचे काम उपचार म्हणून सांगणे म्हणजे वैद्याने रोगच औषध म्हणून देण्यासारखे आहे. बंदुकीचा प्रश्न आपल्यापुरता येथेच निकालात निघतो.

राहिला गळ. परंतु त्याकडे येण्यापूर्वी आपल्या देशाने जायबंदी सैनिकासाठी आजवर काय केले, ते पाहणे अगत्याचे आहे, कारण ते थोडे नाही. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील आघाडीवर जखमी झालेल्या हिंदी शिपायांना ब्रायटन येथील राजवाड्यात थाटलेल्या रुग्णालयात ठेविले होते, आणि त्यांपैकी काहींना मोटारीतून फिरविणे, लंडन दाखविणे असे कार्यक्रम इंग्रज परोपकारी मंडळींनी आखले होते. मात्र त्याच गावातील किचनेर रुग्णालयात त्यांना पहाऱ्यावाचून बाहेर पडण्याची मुभा नव्हती, आणि ही बंदी त्यांच्या मनाला किती झोंबली याचा पुरावा दप्तरात आहे. सहल देणारा हात आणि फाटक लावणारा हात एकच असू शकतो, हे सर्व धर्मादाय संस्थांच्या चालकांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. मेसोपोटेमियात मराठा पलटणींनी कूतच्या वेढ्यापासून पुढे जे भोगले त्यातून परतलेल्या अपंगांसाठी १९१७ साली मुंबईत लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने क्वीन मेरी तंत्रशाळा निघाली, आणि ती पुढे खडकीस गेली. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, पुण्यास कृत्रिम अवयव केंद्र स्थापन झाले, आणि १९७४ पासून खडकीचे पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र कण्याच्या दुखापतीने कमरेखाली लुळे झालेल्या जवानांचा सांभाळ करीत आहे. चाकाच्या खुर्चीवरून बास्केटबॉल खेळणारे आणि तोंडात कुंचला धरून चित्रे काढणारे तेथील जवान ज्यांनी पाहिले असतील त्यांना पुनर्वसन या शब्दाचा अर्थ निराळा समजावून सांगावा लागणार नाही.

या सर्व इतिहासाचा मुकुटमणी म्हणजे मुरलीकांत पेटकर. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचा हा मुष्टियोद्धा १९६५ च्या युद्धात काश्मीरमध्ये गोळ्या लागून कमरेखाली अधू झाला, उपचार म्हणून पोहू लागला, आणि १९७२ च्या ऑगस्टमध्ये हायडेलबर्ग येथील पॅरालिम्पिक स्पर्धेत ५० मीटर मुक्त शैलीच्या शर्यतीत ३७.३३ सेकंदांत सुवर्णपदक जिंकून परत आला. वैयक्तिक सुवर्णपदक मिळविणारा तो पहिला भारतीय. पद्मश्री मात्र त्यांना २०१८ साली मिळाली. ज्या स्पर्धांत ते उतरले त्यांचा उगमही एका रुग्णालयातलाच आहे: डॉ. लुडविग गुटमन यांनी २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, स्टोक मँडव्हिल येथे सोळा जखमी सैनिकांची धनुर्विद्येची स्पर्धा भरविली, तीच पुढे वाढत गेली. लक्ष्यवेधाचा आनंद कोणाचाही जीव न घेता मिळू शकतो, हे गुटमन यांनी चाकाच्या खुर्चीवर बसलेल्यांच्या हाती धनुष्य देऊन सिद्ध केले, आणि शिकारीच्या समर्थकांना यापेक्षा अधिक काही सांगण्याची आवश्यकता नाही.

परंतु याच ठिकाणी माझा मुख्य आक्षेप उपस्थित होतो. आपण जायबंदी सैनिकाला जे काही देतो ते त्याने पुन्हा एकदा पराक्रम करावा या अटीवर देतो. कारगिलमध्ये पाय गमावलेले मेजर डी. पी. सिंग २०१९ साली नाशिकला विमानातून एकट्याने उडी घेतात, २०२१ साली आठ दिव्यांग मंडळी सियाचीन हिमनदीवरील कुमार पोस्ट गाठतात, आणि आपण टाळ्या वाजवितो. त्या वाजविल्याच पाहिजेत. भूसेनेने तर २०१८ हे वर्षच कर्तव्य बजावताना अपंगत्व आलेल्या सैनिकांना अर्पण केले होते. परंतु ज्याला उडी घ्यावयाची नाही, ज्याला कोणतेही शिखर गाठावयाचे नाही, ज्याला केवळ एक दुपार कोणाच्याही कौतुकाचा वा कीवेचा विषय न होता आपल्यासारख्या चौघांच्या संगतीत काढावयाची आहे, अशा साध्या शिपायासाठी आपल्या योजनांत कोणते कलम आहे? त्याच्या शौर्याचा हिशेब एकदा चुकता झालेला आहे. तो पुन्हा पुन्हा वसूल करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

खेड्यात ही अडचण अधिक जाणवते. खडकीचे केंद्र खडकीस आहे. माळशिरस तालुक्यात फौजेतून बोर्ड आऊट होऊन आलेला जवान मात्र गावी राहतो, तेथे त्याला लहानथोर ‘मेजर’ म्हणतात, मग तो निवृत्तीच्या वेळी शिपाई असो वा हवालदार. त्याचा जगाशी असलेला कागदोपत्री संबंध म्हणजे अपंगत्वाच्या टक्क्यांचा दाखला, त्यावरून ठरलेले निवृत्तिवेतन, सोलापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातील एखादा अर्ज, कँटीनचे कार्ड, आणि ७ डिसेंबरला ध्वजदिनाच्या समारंभात पत्करावा लागणारा शाल-श्रीफळाचा सत्कार. १९४९ पासून चालत आलेल्या ध्वजदिनाचा निधी उपकारकच आहे. शिक्षण, उपचार, मुलींची लग्ने अशा कामी तो येतो, आणि पहिला हक्क या गरजांचाच, हे मान्य केले पाहिजे. पण त्या शालीच्या घडीबरोबर उरलेले तीनशे चौसष्ट दिवसही घरातल्या कपाटात जातात. गावात पूर्वी त्याचे जे विरंगुळे होते, तालीम, कुस्त्यांचे फड, विहिरीतील सूर, अकलूजचा घोडेबाजार, पालखी सोहळ्यात खुडूस फाट्याच्या वा सदाशिवनगरच्या रिंगणात घोड्यामागे धावणे, ते सारे धडधाकट पायांचे. बसून करता येणारा, तरीही पुरुषाला कमीपणा न आणणारा असा उद्योग त्याला सापडत नाही, आणि मग पत्त्यांचा डाव आणि त्याच्या शेजारची बाटली सापडते.

पाणी मात्र तालुक्यात आहे. उत्तरेकडे नीरा वाहते आणि नरसिंहपूरला भीमेस मिळते, भाटघरच्या जोरावर नीरा उजवा कालवा फिरतो, आणि त्याच पाण्यावर माळीनगर-अकलूजचा ऊस उभा राहिला. पिलीवकडचा दक्षिण भाग कोरडा तो कोरडाच. पावसाळा ओसरल्यावर कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना फळ्या बसविल्या म्हणजे नदीपात्रात जी शांत पाण्याची लांबच लांब पट्टी तयार होते तीत कटला, रोहू, मरळ, वाम, आणि सर्वांवर मात केलेली चिलापी, एवढे मासे गळाला लागतात. बांबूची काठी, तंगूस, गरी आणि गांडूळ यांपेक्षा अधिक साहित्य लागत नाही, आणि कालव्यावर लहानपणी हे न केलेला मुलगा या भागात विरळाच. तेव्हा अमेरिकन सैनिकाला जे रानात परत मिळते ते येथील जवानाला बंधाऱ्यावर मिळू शकेल, असे अनुमान सकृद्दर्शनी करता येते.

सकृद्दर्शनी अशासाठी म्हणतो की वाटेत अडथळे आहेत आणि ते पैशाचे नाहीत. पहिला अडथळा माळेचा. दोन्ही पालख्या ज्या तालुक्यातून पंढरपूरकडे जातात, एकीचा मुक्काम नातेपुते, माळशिरस, वेळापूर असा पडतो आणि दुसरी अकलूजला विसावते, तेथे घरोघरी माळकरी आहेत. आणि गळ्यात तुळशीची माळ असलेल्या माजी हवालदाराला मासा धरण्याचे आमंत्रण देणे म्हणजे त्याचा उपमर्द. धरून सोडून द्या, असे परदेशी तोडगा सुचविणारा म्हणेल. परंतु खायचा नाही तर टोचायचा कशाला, हा माळकऱ्याचा प्रश्न त्या तोडग्यापेक्षा अधिक सुसंस्कृत आहे, आणि त्याला मत्स्यविनोदाच्या कोणत्याही भक्ताने समाधानकारक उत्तर दिल्याचे ऐकिवात नाही. दुसरा अडथळा उपजीविकेचा. आपल्याकडे मासे धरणे हा भोई-कोळ्यांचा धंदा आहे, अनेक जलाशयांवर त्यांच्या सहकारी संस्थांचे ठेके आहेत, आणि त्यांच्या पाण्यात दुसऱ्याने मौज करावयाची तर ती त्यांच्या संमतीने आणि त्यांना मोबदला देऊनच केली पाहिजे. किंबहुना होडी त्यांची, माहिती त्यांची, आणि मार्गदर्शकाची मजुरीही त्यांनाच, अशी तजवीज झाली तर एका दुर्लक्षितासाठी काढलेली सहल दुसऱ्या दुर्लक्षिताच्या पोटावर येणार नाही.

यातून मला असे दिसते की मासा हे निमित्त ठेवावे, अट ठेवू नये. माळकऱ्याने पिठाच्या गोळ्या पाण्यात टाकीत बसावे, ज्याला खायचे त्याने गळ टाकावा, आणि दोघांनीही पलटणीतल्या गोष्टी कराव्यात किंवा करू नयेत. बाहेरच्या मनुष्याला जे बोलता येत नाही ते एक जायबंदी दुसऱ्या जायबंदीशी बोलतो, आणि पुष्कळदा न बोलताही भागते. पाण्याकडे तोंड करून शेजारी शेजारी बसलेल्या दोघांना एकमेकांच्या डोळ्यांत पाहावे लागत नाही, ही सोय समुपदेशकाच्या टेबलावर नसते. ज्याचा आजार खोल आहे त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडेच नेले पाहिजे आणि सहल ही औषधाच्या जागी बसविता कामा नये, हे येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे. परंतु औषध घेणाऱ्यालाही रविवार हवाच असतो.

धर्मादायाची रीत काय असावी, याविषयी दोन शब्द. वारीच्या मार्गावर गावेच्या गावे दिंड्यांना जेवू घालतात, आणि पंगतीतला वारकरी स्वतःला याचक समजत नाही, कारण वाढणारा त्याच्यावर उपकार केल्याच्या थाटात उभा नसतो. अलीकडे मात्र त्या पंगतींच्या मागेही पुढाऱ्यांच्या तसबिरींचे फलक उभे राहू लागले आहेत, आणि सैनिकांच्या सहलीचा मुहूर्त निघाला तर तेथेही ते सर्वांआधी पोहोचतील, याची मला खात्री आहे. फलक, हार आणि छायाचित्रकार यांना मज्जाव हे अशा सहलीचे पहिले कलम असावे. दुसरे असे की ती माजी सैनिकांच्या संघटनेनेच आखावी, दात्याने केवळ खर्च द्यावा आणि घरी राहावे. वर्षातून एकदा मोठा मेळावा भरविण्यापेक्षा कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत, बंधाऱ्यात पाणी असेतोवर, दर पंधरवड्याला पाच-सहा जणांची बैठक जमावी. एखादी जीप, जेवणाचे डबे आणि वाटाड्याची मजुरी एवढाच तिचा खर्च.

खरी अडचण शेवटच्या वीस पावलांची आहे. बंधाऱ्याच्या काठाला उतार असतो, तो खडकांचा आणि चिखलाचा, आणि कुबड्या घेतलेल्या वा चाकाच्या खुर्चीवर बसलेल्या मनुष्याला रस्त्यावरूनच पाणी पाहून परत फिरावे लागते. तेथे सिमेंटचा एक सौम्य उतार, कठडा आणि बाभळीच्या सावलीत फरशीचा एक ओटा करावयाचा तर पाटबंधारे खात्याची परवानगी, ग्रामपंचायतीचा ठराव आणि एका गवंड्याचे काही दिवसांचे काम लागेल. कपडे धुणाऱ्या बाया, म्हातारी माणसे आणि पालखीच्या दिवसांत आंघोळीला उतरणारे वारकरी हेही तो उतार वापरतील, म्हणून त्याचा खर्च सैनिक कल्याणाच्या निधीवर टाकण्याचेही कारण नाही. तो गावच्या कामांतच धरावा.